हेडफोन बदलले तरी आवाज तुटतोच? मग आधी फोन तपासा

वायरलेस हेडफोनची एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. नवे हेडफोन घेतले, सुरुवातीला छान वाजले, मग गाणं मध्येच तुटायला लागलं. कधी फोनवर बोलताना समोरचा म्हणतो, ‘आवाज नीट येत नाहीये.’ कधी गेममध्ये गोळी सुटून जाते आणि तिचा आवाज मागून येतो. वैतागून माणूस ते हेडफोन कुणाला तरी देऊन टाकतो, आधीपेक्षा महागाची जोडी घेतो, आणि थोड्या दिवसांनी तीच रड.

तीच रड, कारण बदललेली वस्तू बरेचदा मुळात बिघडलेलीच नसते. फोन गाण्याचा डेटा दाबून लहान करतो, रेडिओलहरींवरून पाठवतो, हेडफोन तो पकडून पुन्हा उलगडतात आणि मग आवाज कानात येतो. हे दाबणं-उलगडणं कोणत्या पद्धतीने करायचं, ते फोन आणि हेडफोन जोडणीच्या वेळी आपसात ठरवतात. दोघांनाही जी पद्धत येते तीच वापरली जाते. एकाला दहा गोष्टी येत असल्या आणि दुसऱ्याला दोनच, तर कारभार त्या दोनांवरच चालतो. म्हणून ‘चांगले हेडफोन कुठले?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ‘फोन कुठला आहे आणि त्रास नेमका कधी होतो?’ या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्ध्याहून जास्त वेळा नवी खरेदी करावीच लागत नाही. आणि करावी लागलीच, तर काय घ्यायचं ते आपोआप स्पष्ट होतं.

दोष कुणाचा, ते आधी ठरवा

हेडफोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनला जोडा. जिथे त्रास होतो त्याच जागी जा आणि तेच गाणं लावा. तिथेही तुटलं तर हेडफोनवर किंवा त्या जागेवर संशय घ्यायला हरकत नाही. नीट वाजलं, तर दोष तुमच्या फोनकडे किंवा त्यातल्या सेटिंग्जकडे. मग उलटं करा, तुमच्या फोनला दुसऱ्याचे हेडफोन जोडून बघा. जुना फोन खणात पडला असेल तर तोही या कामी येतो.

गाणं मात्र फोनमध्ये उतरवून घेतलेलं हवं. इंटरनेटवरून येणारं गाणं नेट मंदावलं की थांबतं आणि खापर ब्लूटूथवर फुटतं. कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. नेटमुळे थांबलेलं गाणं काही सेकंद गप्प बसतं आणि जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू होतं. ब्लूटूथमुळे तुटलेलं गाणं बहुतेकदा क्षणभर अडखळतं आणि मधले शब्द गिळून पुढे जातं.

तिसरा प्रकार या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. फोन खिशात टाकला, स्क्रीन बंद झाली आणि काही मिनिटांनी गाणंच बंद पडलं. पुन्हा स्क्रीन चालू केली की ॲप पहिल्यापासून उघडतं. इथे ब्लूटूथचा काहीच संबंध नाही. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने गाण्याचं ॲप मारून टाकलेलं असतं. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जा, ते ॲप उघडा आणि बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा त्या अर्थाचं जे असेल ते निवडा. हेडफोनचं स्वतःचं ॲप असेल तर त्यालाही तीच मोकळीक द्या.

गाणं तुटतं, विशेषतः घराबाहेर

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात वायफाय चालतं, बिनतारी माउस-कीबोर्ड चालतात, मायक्रोवेव्हची लहरही तिथलीच. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ हा पट्टा एक-एक मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनेलांत वाटून घेतं आणि सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतं. जिथे अडथळा दिसतो ते चॅनेल टाळण्याची सोयही २००३ च्या १.२ आवृत्तीपासून आहे. त्यामुळे गर्दी हे तुटण्याचं एक कारण असलं तरी नेहमी तेच असेल असं नाही.

ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते कारण म्हणजे आपलं स्वतःचं शरीर. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि शरीरात पाणी भरपूर असतं. फोन मागच्या उजव्या खिशात आणि सिग्नल पकडणारा बड डाव्या कानात असला, तर लहरीला आख्खं धड आडवं येतं. घरात हे जाणवत नाही. भिंती, छत, फरशी यांच्यावर आपटून लहर वळसा घेत कानापर्यंत पोहोचते. मोकळ्या मैदानात तिला परतवायला भिंतच नसते. म्हणूनच ‘घरात उत्तम चालतात आणि पळायला गेलं की तुटतात’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते, आणि लोकांना वाटतं की घामाने हेडफोन बिघडले.

माझ्या एका मैत्रिणीचं अगदी हेच झालं होतं. ती कमरेच्या पट्ट्यात, पाठीच्या बाजूला फोन ठेवून पळायची. मैदानाच्या एका बाजूला, जिथे इमारतींची रांग आहे, तिथे गाणं नीट चालायचं आणि मोकळ्या बाजूला वळली की तुटायचं. आम्ही आधी एकच बड कानात ठेवून बघितलं, मग दुसरा. डावा एकटा असताना जास्त तुटत होतं, उजवा एकटा असताना कमी. तिने फोन उजव्या दंडाला बांधला आणि तुटणं थांबलं. तेच हेडफोन, तोच फोन, तेच मैदान. यामागचं कारण असं की सुट्या बड्सच्या बऱ्याच जोड्यांमध्ये एक बड मुख्य असतो. तो फोनशी बोलतो आणि दुसऱ्याला आवाज पुरवतो. मुख्य बड कोणता हे काही जोड्यांत ठरलेलं असतं, काहींत जो आधी डबीतून बाहेर येईल तो. फोन त्याच बाजूला ठेवणं हा फुकटचा आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. डोक्यावरून घ्यायच्या हेडफोनमध्येही रेडिओ एकाच कपात असतो, त्यामुळे त्यांनाही हे लागू पडतं.

घरातच तुटत असेल तर वायफाय बघा. फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेकदा एकाच चिपवर असतात. वायफायसुद्धा २.४ वर चालू असेल तर दोघांना वेळ वाटून घ्यावा लागतो, मोठं काहीतरी डाउनलोड होत असताना तर फारच. क्षणभर वायफाय बंद करा. गाणं सुधारलं तर कारण सापडलं. मग फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडून ठेवा. कायमचा इलाज तोच.

आता थोडं कोडेकबद्दल, कारण महाग हेडफोन घेऊनही आवाज तुटतो तेव्हा हे बरेचदा मुळाशी असतं. कोडेक म्हणजे आवाज दाबायची-उलगडायची पद्धत. एसबीसी प्रत्येक ब्लूटूथ स्टिरिओ हेडफोनमध्ये असावंच लागतं. त्याचा नेहमीचा चांगला दर सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट. एलडॅक हे सोनीचं कोडेक, ते ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालतं. ९९० वर आवाजात बारकावे जास्त, पण त्याच हवेतून जवळजवळ तिप्पट डेटा न्यावा लागतो. सिग्नल जरा कमी झाला की पहिला तुटतो तो हाच. ज्यांचे आधीचे हेडफोन नीट चालायचे आणि नवे महागडे रस्त्यात तुटतात, त्यांनी फोनच्या ब्लूटूथ यादीत हेडफोनच्या नावापुढच्या चाकावर टिचकी मारावी. तिथे एलडॅकचं किंवा ‘एचडी ऑडिओ’चं बटण असेल तर ते बंद करून एकदा बाहेर चक्कर मारून यावं. त्याने फरक पडला तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत. तिथे एलडॅकचा दर जोडणीच्या स्थितीनुसार आपोआप बदलणारा ठेवता येतो. घरात निवांत ऐकताना दर वर जातो, गर्दीत खाली येतो.

आयफोनमध्ये असं काही निवडता येत नाही. तो एसबीसी आणि एएसी एवढ्याच दोन पद्धतींनी पाठवतो. हे वाक्य पुढे हेडफोन निवडताना उपयोगी पडणार आहे.

फोन आला की आवाज एकदम सपाट होतो

ही तक्रार घेऊन येणारे लोक सगळ्यात जास्त गोंधळलेले असतात. गाणं सुरेख वाजत असतं. कॉल आला, किंवा गेममध्ये माइक चालू केला, की सगळा आवाज पातळ, घोगरा आणि एकसुरी होतो. कॉल संपला की पुन्हा पहिल्यासारखा. हेडफोन बिघडले असं वाटणं साहजिक आहे, पण ते अगदी बरोबर काम करत असतात.

पारंपरिक ब्लूटूथमध्ये गाणं आणि संभाषण यांचे रस्ते वेगळे आहेत. गाण्याचा रस्ता एकदिशा आहे, फोनकडून कानाकडे, आणि त्यावर स्टिरिओ आवाज ऐसपैस जातो. माइकचा आवाज परत न्यायची सोय त्यात नाही. माइक लागला की जोडणी संभाषणाच्या रस्त्यावर सरकते. तिथे आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो, आणि त्याची व्याप्तीही घटते. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही. २०११ च्या सुधारणेत ते १६००० झाले. बोलणं समजायला हे पुरतं, पण गाण्याची तुलना त्याच्याशी करून उपयोग नाही.

पारंपरिक ब्लूटूथवर हेडफोन कितीही महाग असले तरी ही अडचण राहतेच. तरी करण्यासारखं बरंच आहे. गेम खेळताना माइक नको असेल तर गेममधलं व्हॉइस चॅट बंद ठेवा, आवाज लगेच मोकळा होईल. मागे चालू राहिलेलं रेकॉर्डिंगचं किंवा बोलून हुकूम द्यायचं ॲपही माइक धरून बसतं, ते बंद करा. आणि हेडफोनवर कॉल घ्यायचेच नसतील तर हेडफोनच्या नावापुढच्या त्याच पानावर ‘फोन कॉल्स’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन वेगळी बटणं अँड्रॉइडमध्ये असतात. पहिलं बंद केलं की कॉल फोनवरच येतात आणि हेडफोन फक्त ऐकण्यापुरते राहतात.

यावरचा खरा तोडगा एलई ऑडिओ नावाने आला आहे. त्यात एलसी३ हे नवं कोडेक आहे आणि माइक चालू असतानाही दोन्ही कानांत चांगला आवाज देता येतो. त्याचा पाया ब्लूटूथ ५.२ मध्ये घातला गेला आणि अँड्रॉइड १३ पासून फोनच्या प्रणालीत त्याची सोय आहे. पण इथेही पहिला नियम लागू: फोन आणि हेडफोन दोघांनीही ते दिलेलं असायला हवं. फोनवर अँड्रॉइड १३ आहे म्हणून त्याच्या रेडिओत ते असेलच असं नाही. ब्लूटूथच्या यादीतल्या हेडफोनच्या पानावर एलई ऑडिओचं बटण दिसलं तरच आहे असं समजा.

‘माझा आवाज समोरच्याला नीट जात नाही’ ही मात्र वेगळी गोष्ट. इथे हेडफोनच्या घडणीने खरोखर फरक पडतो. माइक तोंडापासून जितका दूर, तितका आजूबाजूचा गोंगाट जास्त. कानात मावणाऱ्या बारक्या बडचा माइक गालाच्या मागे असतो. तोंडाकडे खाली उतरणारा दांडा असलेले बड्स थोडे बरे, आणि तोंडासमोर माइक येणारे हेडसेट सगळ्यात चांगले. ज्यांचा दिवस कॉलवर जातो त्यांनी गाण्यासाठीचे हेडफोन कॉलसाठी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही कामं सारखीच उत्तम करणारी जोडी फार क्वचित मिळते.

ओठ हलतात आणि आवाज मागून येतो

दाबणं, पाठवणं, साठवणं, उलगडणं या सगळ्याला वेळ लागतो. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडणं सामान्य आहे. साधारण १२५ च्या पुढे गेलं की माणसाला ते जाणवायला लागतं. तरी सिनेमा बघताना बहुतेक वेळा त्रास होत नाही, कारण व्हिडिओ दाखवणारी ॲप्स उशीर किती आहे हे ओळखून चित्रही तेवढंच मागे धरतात. एखाद्याच ॲपमध्ये ओठ जुळत नसतील तर दोष त्या ॲपचा. ते अपडेट करा किंवा दुसरं वापरून बघा.

गेमला ही सवलत नाही. बोट टेकलं त्या क्षणी चित्र बदलायला हवं, ते मागे धरता येत नाही. काही हेडफोनमध्ये ‘गेम मोड’ असतो. त्यात साठवण कमी करून उशीर घटवला जातो, बदल्यात तुटण्याची शक्यता वाढते. तो फक्त खेळताना चालू करा, एरवी बंद ठेवा. गेममध्ये आवाजाच्या भरवशावर खेळत असाल, किंवा फोनवर वाद्य वाजवणारं ॲप वापरत असाल, तर सरळ वायरचे हेडफोन घ्या. इथे मी वायरलेसची शिफारस करत नाही.

एका बाजूचा आवाज कमी झाला

बहुतेक वेळा हा मळ असतो. बडच्या तोंडावरची जाळी उजेडात तिरकी धरून बघा. स्वच्छ जाळीची छिद्रं वेगवेगळी दिसतात, बुजलेली जाळी चकाकते किंवा पिवळट दिसते. रबर काढून घ्या, जाळी खाली जमिनीकडे राहील असा बड धरा आणि मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. जाळी वर करून घासलं तर मळ आणखी आत जातो. टाचणी किंवा सुई लावायची नाही, जाळी फाटली की बड संपला. रबर साबणाच्या पाण्यात धुता येतं, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

मळ नसेल तर फोनमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मधोमध आहे ना ते बघा. नकळत सरकलेली असते. एक बड चार्जच होत नसेल तर डबीतल्या आणि बडवरच्या सोनेरी टोकांवर घामाचा थर बसला आहे का ते पाहा. व्यायामानंतर बड्स पुसून मगच डबीत ठेवायची सवय लावली तर हा त्रास सहसा होत नाही.

दोन्ही बाजूंचाच आवाज कमी वाटत असेल, किंवा एकाच टिचकीत खूप लहानाचा खूप मोठा होत असेल, तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करून हेडफोन पुन्हा जोडा. फोन आणि हेडफोन यांच्या आवाजाच्या पट्ट्या एकमेकींना नीट बांधल्या गेल्या नसल्या की असं होतं.

जोडणी सारखी सुटते किंवा भलतीकडेच जाते

एकाच वेळी दोन उपकरणांना जोडणारे हेडफोन सोयीचे असतात, पण लॅपटॉपवर एखादी सूचना वाजली की फोनवरचं गाणं थांबतं. हेडफोनच्या ॲपमध्ये ही दुहेरी जोडणी बंद करून काही दिवस वापरून बघा. काही हेडफोनमध्ये ती चालू असताना एलडॅक मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

जोडणीच सुटत असेल तर ‘फॉरगेट’ करून पुन्हा जोडा असा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच पाळला जातो. जोडणीची किल्ली दोन्हीकडे साठवलेली असते. फोनमधून नाव पुसलं तरी हेडफोनला जुनी किल्ली आठवत असते. म्हणून आधी फोनमधून पुसा, मग त्या जोडीच्या माहितीपत्रकात दिलं असेल तसं हेडफोनही रीसेट करा, फोन बंद करून चालू करा आणि मग जोडा. घरातल्या बाकीच्या ज्या-ज्या उपकरणांना ते जोडले होते, तिथलं ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर रीसेट झालेले हेडफोन टॅबने आधी पकडले असं होतं. त्यानंतर हेडफोनच्या ॲपमध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे हेडफोनच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं आहे का ते बघा.

तरीही नवे घ्यायचेच असतील तर

सुरुवात फोनपासून करा. आयफोन असेल तर एएसी नीट असलेले हेडफोन घ्या. एलडॅक किंवा ॲप्टएक्स या कोडेकच्या नावावर जास्तीचे पैसे देऊ नका, ते तिथे कधीच चालू होणार नाहीत. अँड्रॉइड असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधली कोडेकची यादी उघडा आणि फोनला काय-काय येतं ते बघा. एलडॅक अँड्रॉइड ८ पासून प्रणालीत आहे, ॲप्टएक्सचे नवे प्रकार फोनच्या चिपवर अवलंबून असतात. एएसीचा दर्जा अँड्रॉइडवर फोनगणिक बदलतो, त्यामुळे त्याच्यावरच विसंबू नका. आणि खरं सांगायचं तर चालत्या वाहनात किंवा रस्त्यावर ऐकणाऱ्याला कोडेकपेक्षा कानात नीट बसणं कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

बसण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक घाई करतात. कानात जाणाऱ्या बडचं रबर कानाची वाट नीट बंद करत नसेल तर खर्जाचा सगळा आवाज निसटतो. ‘यांना बेस नाही’ असं म्हणून परत पाठवलेल्या जोड्यांमध्ये चुकीच्या मापाचं रबर हे कारण बरेचदा असतं. दोन्ही कान एकाच मापाचे असतात असंही नाही, डाव्याला मध्यम आणि उजव्याला लहान लागू शकतं. रबर बसवा, खर्जाचं गाणं लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर माप चुकलं आहे. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते, म्हणून चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकटच घालून बघावेत आणि मऊ, जाड गादीचे घ्यावेत.

नॉइज कॅन्सलेशनचं खरं काम इंजिनाची घरघर, पंख्याची घूं-घूं अशा खालच्या, सलग आवाजांवर होतं. १ किलोहर्ट्झच्या वरचे आवाज, म्हणजे बोलणं, भांड्यांचा खणखणाट, हे मुख्यतः गादी किंवा रबरच अडवतं. पुन्हा नीट बसण्याचाच मुद्दा. रोज बस-ट्रेनने तास-दोन तास जाणाऱ्याला ही सोय घेण्यासारखी आहे, कारण गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावं, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करावा. गोंगाटात आवाज थोडा-थोडा वाढवत नेला की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. घरी शांत खोलीत ऐकणाऱ्याला या सोयीशिवाय चालेल, त्या पैशात आवाज चांगला मिळेल.

खोक्यावरच्या काही गोष्टींना मी अजिबात भाव देत नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं आणि त्यावरून आवाजाबद्दल काहीच कळत नाही. ब्लूटूथ ५.३ की ५.४, याने गाण्याचा दर्जा बदलत नाही, कोडेकने बदलतो. पाण्याचा आकडा मात्र बघा. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात, बुडवलेलं चालत नाही, आणि तो आकडा बहुधा फक्त बड्सना असतो, डबीला नाही.

बॅटरीचा विचार मात्र जरूर करा. सुट्या बडमधली बॅटरी साधारण ४० ते ६० मिलिअँपिअर-तासांची असते, रोजच्या वापरात ती काही वर्षांत थकते आणि बहुतेक जोड्यांमध्ये बदलता येत नाही. डोक्यावरच्या हेडफोनची बॅटरी मोठी असते, अनेकांना वायर जोडायची सोयही असते, म्हणजे बॅटरी संपली तरी ऐकणं थांबत नाही. एकच जोडी बरीच वर्षं वापरायची असेल तर मी तोच प्रकार सुचवतो. पळायचं असेल, घाम येत असेल, तर अर्थात बड्सच.

घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत त्यांना मुद्दाम पिळून काढा. फोन नेहमीच्या खिशात ठेवून मोकळ्या जागेत चाला. मान डावी-उजवीकडे वळवा. गोंगाटात उभं राहून कुणाला तरी कॉल करा आणि त्यालाच विचारा की आवाज कसा येतोय. रोज बघता त्याच ॲपमध्ये व्हिडिओ लावा. दोन उपकरणांना जोडून बघा. तासभर कानात ठेवा, दुखतं का ते पाहा. यातलं काही खटकलं आणि वर सांगितलेल्या उपायांनीही सुटलं नाही, तर निःसंकोच परत करा. परत देण्याआधी फोनमधून जोडणी पुसा, हेडफोन रीसेट करा आणि त्यांच्या ॲपमधून तुमचं खातंही काढून टाका, म्हणजे पुढच्या माणसाला ते जोडताना अडचण येणार नाही.